काचेखालची घरं

“एवढ्या वेळात माझी आमटी उकळून खाली उतरते,” काकी स्वतःशीच पुटपुटल्या.

मी त्यांच्या पायाशी, टेबलाखाली शिरून वायर खोचत होते. माझ्या कानापासून वीतभर अंतरावर त्यांची जोडवी वाजत होती. मी ऐकते आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. वर पडद्यावरचं ते वाळूचं घड्याळ उलटंपालटं होत होतं, आणि त्याच्याकडे बघून काकींनी आणखी एक उसासा सोडला. “गिऱ्हाईक येईल, पाणी पिईल, समोरच्या दुकानात जाऊन बस्ता बांधून गावाला पोचेल. हे आपलं फिरतंय.”

“अगं, बाई खाली आहेत,” तात्या म्हणाले.

“असू देत की. खोटं बोलते का मी?”

मी घाईनं बाहेर यायला गेले आणि टेबलाच्या कडेवर डोकं आपटलं. तात्या गादीवरून वाकून बघायला लागले. “कॉम्प्युटरबाई, लागलं का? नाही, पडद्यावरचा पैलवान तुमचा झोपलाय, आता तुम्हीही आडव्या झालात तर आम्ही बघायचं कुणाकडं?”

कराडातल्या तोडकरांच्या कापडदुकानातली ही गोष्ट. तेव्हा काउंटरची दुकानं गावात येऊ लागली होती, पण तोडकरांकडे अजून गादी होती. पांढरीशुभ्र बैठक, भिंतीला लोड, पायरीशी चपलांचा ढीग आणि सगळीकडे नव्या साड्यांच्या खळीचा वास. तो वास आता कुठल्याच दुकानात येत नाही. तिथे एसीचा वास येतो.

मी काही कुठे शिकलेली नव्हे. आमच्या यांची टायपिंगची संस्था होती. टाइपरायटर गेले, कॉम्प्युटर आले, तेव्हा मुलांना शिकवायला माणूस मिळेना म्हणून मी आधी एक धडा पुढे शिकायची आणि मग तो मुलांना शिकवायची. त्यातून खोड लागली. इंटरनेटवर फुकट मिळणारं एक परदेशी सॉफ्टवेअर होतं, गिऱ्हाइकांशी नातं सांभाळण्याचं. मी ते उतरवून घ्यायची, शेजारी डिक्शनरी ठेवून त्याची आतडी बाहेर काढायची आणि गावातल्या दुकानदारांच्या अंगाबेतानं शिवून द्यायची. एका ट्रॅक्टरवाल्याला दिलं, एका दातांच्या डॉक्टरला दिलं. मग शेखर तोडकर आमच्या जिन्यावर उभा राहिला.

शेखर म्हणजे तात्या-काकींचा मुलगा. त्यानं आल्याआल्या सांगून टाकलं, “मॅडम, खरं सांगायचं तर मला गादीच काढायची आहे. काचेचा दरवाजा, काउंटर, वर लेडीज सेक्शन. तात्यांनी आता घरी बसावं. पण आई ऐकत नाही. म्हणून ठरलंय, ही एक लग्नसराई तुमच्या मशीनवर काढायची. तात्यांना जमलं तर गादी राहील आणि तात्याही राहतील. नाही जमलं तर दिवाळीला काउंटर.”

“त्यांना कॉम्प्युटरची आवड आहे का?”

“तात्यांना?” शेखर हसला. पण हसताना त्यानं माझ्याकडे बघितलं नाही.

आता तात्यांची ख्याती सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. लग्नाचा बस्ता बांधायला आख्खं घर येतं, जीप भरून. नवरी, आई, काकू, आत्या, मामी, आणि कुणाला कुठली साडी मानाची यावरून पायरीवरच सुरू झालेली धुसफूस. तात्या गादीवरून उठत नसत, पण पायरी चढणाऱ्या प्रत्येक बाईला तिच्या माहेरच्या गावावरून हाक मारत. “या, मसूरच्या माई. या या, औंधच्या. पाटणकरीण कुठं राहिली?” सासरच्या घोळक्यात, सासूच्या देखत, कुणीतरी आपल्या माहेराचं नाव घेतंय म्हटल्यावर त्या बाईचा चेहरा असा काही उजळायचा! मग ती बाई पुढच्या लग्नाला दुसरीकडे जाईल कशी? समोर तिप्पट मोठं दुकान उघडलं होतं, तिथं साडीवर साडी फुकट होती, तरी बस्ते तोडकरांकडेच बांधले जात. गादी राहायची ती त्या हाकेवर.

परदेशी सॉफ्टवेअरला यातलं काही कळत नव्हतं. त्याच्या लेखी गिऱ्हाईक म्हणजे एक तर एकटा माणूस, नाहीतर कंपनी. घर नावाचं गिऱ्हाईक त्यानं पाहिलंच नव्हतं. आणि प्रत्येक गिऱ्हाइकापुढे माल विकला जाण्याची शक्यता किती टक्के, ते भरायचा एक खाना होता. तो तात्यांना दाखवला तर ते खो खो हसले.

“पाव्हणं पायरी चढलं की बस्ता झालाच. टक्के कसले? त्यापेक्षा, बाई, दुसरा खाना करा. या घरात रुसतं कोण?”

“म्हणजे?”

“प्रत्येक बस्त्यात एकजण रुसतं. नवरी कधीच नाही. आत्या असेल, धाकटी जाऊ असेल. ती कोण ते आधी कळलं की पहिला चहा तिला, पहिली साडी तिच्या पुढ्यात. काम फत्ते.”

मी एकेका माणसाऐवजी आख्ख्या घराचं एक पान केलं, टक्क्यांचा खाना उडवला आणि तिथे लिहिलं, ‘रुसणार कोण?’ आयुष्यात पुष्कळ सॉफ्टवेअर केली पुढे, पण इतका कामाचा खाना पुन्हा जमला नाही.

वेगाचं दुखणं मात्र खरंच होतं. तात्यांचा हिशेब सरळ होता. पाव्हण्याची एक चप्पल निघाली, की दुसरी निघायच्या आत त्याचं घर समोर उघडायला हवं. मी आठवडाभर मशीनशी कुस्ती खेळले. त्या सॉफ्टवेअरला एक घर उघडायला सांगितलं की ते सगळी घरं चाळत बसायचं. मग मी असं केलं, की बस्त्याला येणारी मंडळी आधी फोन करतातच, तर त्या दिवशीची घरं सकाळीच काढून तयार ठेवायची. फोटो बारीक करून घेतले. नको ती पानं छाटली. शेवटी एकदा बोट लावलं आणि घर पटकन उघडलं, तेव्हा काकींनी माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली.

पडदा कुठे ठेवायचा यावर खल झाला. तात्या म्हणाले, गिऱ्हाइकाला दिसता कामा नये. मग सुताराकडून गल्ल्याच्या टेबलात पडदा आडवा बसवला, वर काच. तात्या काचेवर हात ठेवून बसायचे. बघणाऱ्याला वाटावं, माणूस नम्रपणे खाली बघतोय. आणि घर निवडायचं काम काकींनी मागून घेतलं. दुकानाच्या पोटमाळ्याला लाकडी कठडा होता, तिथून पायरी दिसायची. तिथे दुसरा कॉम्प्युटर मांडला. जन्मात दुकानात न बसलेल्या काकी आता सकाळी डबा घेऊन माळ्यावर चढायच्या. खाली जीप थांबली, की वाकून बघायच्या, “हे चरेगावचे,” म्हणायच्या, आणि उंदीर, म्हणजे माउस, दाबायच्या. खाली काचेत चरेगावचं घर उघडायचं. आणि तात्यांचा आवाज घुमायचा, “या, वाठारच्या!”

मला वाटायचं, काकींना कॉम्प्युटरचा नाद लागलाय. कौतुक वाटायचं. या वयात!

मग मागण्या सुरू झाल्या. आधी काकी म्हणाल्या, अक्षर मोठं कर. “त्यांच्या डोळ्यांचं जरा झालंय. मोतीबिंदू.” मी केलं. दोन दिवसांनी म्हणाल्या, नुसतं नाव नको, प्रत्येकाचा फोटो हवा. मागच्या लग्नांतले फोटो गोळा केले. मग नातं लिही. मग मागच्या वेळी काय बोलणं झालं तेही लिही, मुलगा कुठल्या कॉलेजात होता, सासऱ्यांचं ऑपरेशन झालं का.

“शेट आता नावानिशी कमी बोलतात,” सदाशिवमामा मला एकदा म्हणाले. ते दुकानातले सगळ्यात जुने. साड्या उलगडायचं काम त्यांचं. “वयामुळं ऐकू कमी येतं, बाकी काही नाही.”

“ऐकू कमी येतं की दिसतं कमी?”

“दोन्ही,” म्हणून मामा ठाण उचलून आत गेले.

त्याच दुपारी मी तात्यांजवळ बसले होते. गर्दी नव्हती. कुणीतरी इरकलीच्या घड्या सोडून गेलं होतं. तात्यांनी एक उचलली, काठाच्या आतला विणकराचा शिक्का, मुंगीएवढा, चष्मा न लावता वाचला आणि म्हणाले, “हा माणूस रंगात फसवत नाही.” मी तो शिक्का माझ्या चष्म्यातून बघितला. मला वाचता आला नाही.

“तात्या, नजर तर चांगली आहे तुमची.”

“नजरेला काय झालंय?” ते म्हणाले. मग त्यांनी काचेकडे बघितलं. आणि विचारलं, “तुम्ही चहा घेतला का, बाई?”

चहाचे रिकामे कप आमच्या दोघांच्या मध्येच होते.

संध्याकाळी काकींनी मला माळ्यावर बोलावलं. त्यांच्या हातात एक पाकीट होतं, फोटोंचं. “ही आपली दुकानातली माणसं,” त्या म्हणाल्या. “यांचंही एक घर कर. सगळ्यात वर ठेव.”

वरचा फोटो सदाशिवमामांचा होता.

“मामांचा? काकी, मामा तर—”

“सगळ्यांचे करतोय तर त्यांचा का नको?” काकी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. “पूर्ण नाव लिही. काय काम करतात तेही लिही.”

मी लिहिलं. मग दुकानात कामाला असलेल्या पोरींचे फोटो लावले, शिलाईवाल्याचा लावला. पाकिटात तळाशी शेखरचा होता, पासपोर्टसाठी काढलेला, जरासा रागीट. मी तो हातात धरून काकींकडे बघितलं. त्या कठड्यावरून खाली बघत होत्या. खाली तात्या एकटेच गादीवर लोड नीट लावत होते.

मी फोटो लावला. नाव लिहिलं. पुढे नात्याचा खाना होता. तो मी तसाच सोडून पुढे निघाले.

“भर,” काकी म्हणाल्या. वळून न बघता.

मी लिहिलं, मुलगा.

तेवढ्यात जिन्यावर शेखर आला. त्यानं पडद्यावर स्वतःला पाहिलं. काकींनी काही लपवायची धडपड केली नाही. तो नुसतं म्हणाला, “फोटो फार जुना आहे, आई. तेव्हा मला मिशी नव्हती. उद्या नवीन काढून देतो.” आणि खाली गेला.

“घरी बसले ना, हेमा,” काकी कठड्याशी उभ्या राहून म्हणाल्या, “तर त्यांना कोण हाक मारणार? आणि ते तरी कुणाला मारणार?”

मी मशीन बंद केलं.

लग्नसराई जोरात निघाली. मी रोज जायला लागले. कारण काही ना काही काढून जायची. तात्या रंगात होते. गिरवीच्या एका आत्याबाईंनी तर पायरीवर डोळ्यांना पदर लावला. म्हणाल्या, माझ्या भावांनाही माझं एवढं ध्यानात नसतं. शेखर काउंटरचं नाव काढेनासा झाला. एकदा सुताराचा फोन आला तर म्हणाला, बघू पुढच्या वर्षी.

मग सांगोल्याच्या बिराजदारांचा फोन आला. बिराजदार म्हणजे काकींच्या मुलीचं, पुष्पाचं सासर. पुष्पाच्या दिराची मुलगी गिरिजा, तिचं लग्न ठरलं होतं आणि बस्ता इथेच बांधायचा होता. काकी हरखून गेल्या. स्वतः एकेक माणूस सांगत होत्या, मी भरत होते. पुष्पाची सासू, माहेर अकलूज. जाऊ, माहेर मोहोळ. रुसणार कोण? “नणंद. तिला आधी चहा.” नवरीचा फोटो, मामीचा फोटो.

“आणि पुष्पाताई?” मी विचारलं.

काकी थांबल्या.

“तिचं काय लिहायचं?”

“सगळ्यांचं लिहिलंय तर—”

“शेखर रोज समोर असतो. रोजच्या माणसाकडं कोण धड बघतं? त्याचं वेगळं.” त्यांचा आवाज चढला. “पोरीला बाप ओळखणार नाही होय? काहीतरी बोलू नकोस. चल, पुढचं भर.”

मी पुढचं भरलं.

बिराजदारांची गाडी आली तेव्हा मी माळ्यावर काकींच्या शेजारीच होते. काकींनी घर उघडलं. पायरीवर एकच कालवा. सगळ्यांत मागे एक उंच बाई होती, मोरपंखी साडी, हातात सगळ्यांच्या पिशव्या. आपल्या माहेरच्या दुकानात सासर घेऊन आलेली बाई कशी चालते, तशी ती चालत होती.

“वाळली जरा,” काकी माझ्या कानाशी म्हणाल्या.

खाली तात्यांनी सूर लावला. “या, अकलूजच्या आईसाहेब! या, मोहोळकर! आणि या आपल्या सांगोल्याच्या—सदाशिव, पहिला चहा इकडं.” नणंद फुलली. गिरिजाला म्हणाले, “तू इंजिनियर ना? मग आता नवऱ्याला नीट जोडून घे.” हशा झाला. एकेक बाई पुढे येत होती, एकेक हाक पडत होती. पुष्पा मुद्दाम मागे थांबली होती. ओठ दाबून, हसू आवरून. आपली पाळी शेवटी यावी, सगळ्यांच्या देखत यावी, म्हणून.

ती गादीशी आली. वाकून नमस्कार केला. तात्यांनी हात जोडले. काचेकडे बघितलं. पुन्हा तिच्याकडे बघितलं. पुन्हा काचेकडे.

“या, बसा,” ते आदबीनं म्हणाले. “तुमचं माहेर कुठलं, बाई?”

सगळा घोळका खदाखदा हसला. “व्याही मोठे चेष्टेखोर हं!” सासूबाई म्हणाल्या.

पुष्पाही हसली. कमरेवर हात ठेवून म्हणाली, “माझं माहेर होय? फार लांब आहे बरं. जीप करून यावं लागतं. गेलं तर कुणी चहासुद्धा विचारत नाही.”

पुन्हा हशा.

“असं कसं,” तात्या म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. “गावाचं नाव तरी सांगा. आमच्या ओळखीचं असेल.”

हसणं एकेका तोंडावरून उतरत गेलं. आधी सासूबाईंच्या. मग जावेच्या. वर काकी उंदीर दाबत होत्या, एक घर, दुसरं घर, तिसरं. खाली काचेत चेहरे बदलत असणार. माझा हात त्यांच्या हातावर होता, पण त्यांचा हात मला थांबवता येत नव्हता.

“तात्या, पुरे आता,” शेखर पुढे झाला. “यांची सवयच आहे हो. ताई, तू बस ना. सरबत सांगतो.”

“शेट सकाळपासून बसलेत,” सदाशिवमामा शालू उलगडत म्हणाले. “दमलेत. हा बघा रंग, आईसाहेब.”

“उन्हाचं होतं असं,” सासूबाई म्हणाल्या. “आमच्याकडंही होतं.”

“हो ना. ऊन फार आहे यंदा,” जाऊबाई म्हणाल्या.

पुष्पाचे डोळे भरून आले होते. पिशव्या अजून तिच्या हातातच होत्या.

तात्यांनी काचेवर आपला तळहात पालथा ठेवला आणि ते गादीवरून उठले. गिऱ्हाइकासमोर त्यांना उठलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. शेखरनंही पाहिलं नसावं, कारण तो बाजूला झाला. गुडघ्यावर हात देत ते तिच्यापर्यंत आले आणि तिच्या हातातल्या पिशव्या काढून घेऊन खाली ठेवल्या.

“मला ऊन लागलेलं नाही,” ते म्हणाले. “आणि मी दमलोही नाही. बाई, एवढ्यावरून परक्या माणसाच्या डोळ्याला पाणी येत नाही. तुम्ही माझ्या कुणीतरी आहात. अगदी जवळच्या.” त्यांनी मान वर करून माळ्याकडे, आमच्याकडे बघितलं, मग पुन्हा तिच्याकडे. “हे सगळे मला सांभाळून घेतात, म्हणून कुणी बोलत नाही. मीच सांगतो. मला आता माणसं आठवत नाहीत.”